खांड पडण्याआधी

आमच्या खारेपाटातल्या मंडळींसाठी हे लिहितोय.

इथे नेदरलँड्समध्ये जेवणाच्या सुट्टीत हल्ली एकच वाद रंगतो: समाज हळूहळू उतरणीला लागतो की एकदम कोसळतो? युद्ध, महागाई, हवामान, सगळं त्यात येतं. मला मात्र आपली अलिबागकडची खारबंदी, म्हणजे समुद्राचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेले बांध, आठवते.

बांधाला खांड, म्हणजे भगदाड, पडते ती एका उधाणात. पण त्याआधी कित्येक वर्षं खेकड्यांची बिळं कुणी बुजवलेली नसतात, उघाडीच्या, म्हणजे पाणी सोडायच्या दाराच्या, फळ्या कुजलेल्या असतात. पूर्वी जोळ असायचा. गाव एकत्र येऊन चिखलमातीने बांध सावरायचं. पुढे ते काम सरकारकडे गेलं, तरणी पोरं मुंबईला गेली आणि माझ्यासारखी काही आणखी लांब.

३१ जानेवारी ते १ फेब्रुवारी १९५३च्या मधल्या रात्री इथलेही बांध फुटले. १,८३६ माणसं गेली. बांध कमकुवत आहेत, हे योहान फान फेन या अभियंत्याने आधीच बजावलं होतं! पण त्यानंतर हा देश कामाला लागला तो १९९७ साली रॉटरडॅमजवळचा अजस्र पूरदरवाजा उभा राहीपर्यंत. पाण्याची व्यवस्था पाहणारी मंडळं इथे तेराव्या शतकापासून आहेत. आजही लोक त्यांच्यासाठी मतदान करतात, वेगळा कर भरतात. जुना नियम तर फार कडक. आपल्या वाट्याचा बांध राखणं ज्याला झेपत नाही, त्याने त्यात फावडं खोचून जमीन सोडायची. जो ते फावडं उपसेल त्याची जमीन, आणि बांधही त्याच्याच गळ्यात.

म्हणून एकदम कोसळण्याची मला तितकी भीती वाटत नाही. ३ जून २०२०ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्या एका दुपारीत आडव्या केल्या, तरी लोकांनी पुन्हा रोपं लावली. भीती वाटते ती खांड तशीच राहण्याची. खारं पाणी आत येत राहिलं की भाताच्या शेतात तिवरं (खारफुटी) उगवतात. तिवरांना कायद्याचं संरक्षण आहे, ते असायलाही हवं. पण मग ते शेत परत मिळणं अवघड. या घसरणीची तारीख कुठे लागत नाही, बातमी होत नाही.

मे महिन्यात चाकरमानी गावी येतात, लग्नं-पूजा होतात. त्यातच एक दिवस बांधासाठी ठरवा. मजुरीतला माझा वाटा मी पाठवीन. पण बिळं कुठे पडलीत ते बघायला बांधावरून चालणारा माणूस गावातलाच लागेल.