आमची वाटचाल : पार्सलचा डबा आणि अडीच सेंटीमीटर

तळेगावजवळच्या आमच्या छोट्या युनिटमध्ये आजही सगळ्यात जास्त जातो तो ऑर्किड लावायचा एक लिटरचा उंच गोल डबा. हॉटेलवाले रस्सा पार्सल द्यायला वापरतात तोच. तळाशी त्रिकोणात 5 आकडा असलेला, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचा. आकडा 1 असलेल्या पातळ बाटल्या आम्ही घेत नाही. ड्रिल लावलं की तडकतात आणि उकळतं पाणी ओतलं की आक्रसतात. सेमी-हायड्रो म्हणजे मातीऐवजी भाजलेल्या गोळ्यांत, तळाशी थोडं पाणी राखून रोप वाढवायचं. महागड्या कुंडीशिवाय ते जमत नाही हा समज मोडायचा, एवढ्यावरच हा धंदा उभा राहिला.

सगळी करामत भोकाची आहे. बारा-तेरा सेंटीमीटर उंच डब्याला तळापासून 2.5 सेंटीमीटरवर, एकाच बाजूला, एकमेकांपासून बोटभर अंतरावर सहा मिलिमीटरची दोन भोकं. दोन अशासाठी, की एखादं मुळानं किंवा गोळीनं बुजलं तरी दुसरं वाहतं राहतं. तळाला भोक अजिबात नाही. माझ्या भागीदारानं सुरुवातीलाच सागाचा एक ठोकळा तासून घेतला होता. डबा त्याला टेकवायचा, 25 वॅटचं सोल्डरिंग आयर्न ठोकळ्याच्या खाचेत ठेवायचं आणि दाबायचं. उंची चुकायला जागाच नाही. आत वितळलेल्या प्लास्टिकची कड उभी राहते. ती कटरनं साफ काढावीच लागते, नाहीतर पाणी तेवढ्यानं वर अडतं. काम उघड्यावर करावं, धूर नाकात जाऊ देऊ नये.

पारदर्शक डब्यात शेवाळ धरतं. रंग लावायच्या भानगडीत पडू नका, या प्लास्टिकवर तो टिकत नाही, पापुद्रे निघतात. कृषी सेवा केंद्रात मिळतो तो काळा-चंदेरी मल्चिंग पेपर, चंदेरी बाजू बाहेर ठेवून गुंडाळा. ऊन परततं, आत अंधार राहतो आणि डब्याचं आयुष्यही वाढतं. हे प्लास्टिक उघड्या उन्हात लवकर ठिसूळ होतं. पाण्याची पातळी दिसावी म्हणून एका बाजूला बोटभर उभी फट ठेवायची.

धंदा रुळावर असताना एका मोठ्या विक्रेत्यानं आमचीच कल्पना उचलली. कुंडी दिसायला देखणी, पण बुटकी, आणि भोक जवळजवळ अर्ध्या उंचीवर. 'पंधरा दिवस पाणी घालायला नको' अशी जाहिरात. ज्यांना फॅलेनॉप्सिस हे ऑर्किड कळतं त्यांनी पुढचं ओळखलंच असेल. निम्मी मुळं कायम पाण्यात, वरच्या गोळ्यांत हवा खेळायला जागा नाही, आणि पहिल्याच पावसाळ्यात मुळं काळी पडून मऊ झाली. राग त्या विक्रेत्यावर निघाला असता तरी चाललं असतं. पण लोक म्हणू लागले, ही पद्धतच आपल्या हवेत चालत नाही. नर्सऱ्यांनी आमचा माल परत पाठवला. मुलांचे पगार आम्ही रोपांचे ट्रे भरायची कामं घेऊन काढले, भागीदार तेव्हाच बाहेर पडला. एवढं होऊनही त्या विक्रेत्यानं कुंडीचं माप आजतागायत बदललेलं नाही, आणि त्याची सल अजून आहे.

त्या काळात डोंबिवलीच्या एका काकूंच्या ऑर्डरी मात्र थांबल्या नाहीत. त्यांची पद्धत मी प्रत्येक गिऱ्हाईकाला सांगतो. मातीच्या भाजलेल्या गोळ्या 8 ते 16 मिलिमीटरच्या घ्यायच्या, लाल पाणी जाईपर्यंत धुवायच्या, चोवीस तास भिजवायच्या. रोप हलवायचं ते नव्या मुळांची हिरवी टोकं दिसल्यावरच. झाडाच्या सालीच्या तुकड्यांत वाढलेली जुनी मुळं पाण्याच्या या सवयीला बहुधा टिकत नाहीत, झाडाचा पुढचा भार नवी मुळंच उचलतात. ती नसताना हलवलेलं रोप सुकत जातं आणि बोल डब्याला लागतो.

पाणी घालायचं ते डबा काठोकाठ भरून, मग भोकांतून वाहू द्यायचं. साचलेले क्षार धुतले जातात, ताजी हवा आत ओढली जाते. चमच्या-चमच्यानं पाणी घालणाऱ्यांच्या गोळ्यांवर पांढरी पुटं चढतात आणि मुळांची टोकं करपतात. काकूंचं नळाचं पाणी हलकं, आमचं बोअरचं जड. बोअरवाल्यांनी टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, घ्यावंच, आणि आकडा 300 च्या वर गेला तर पावसाचं किंवा आरओचं पाणी मिसळावं. खत 19:19:19, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश सारख्याच प्रमाणात असलेलं, लिटरला अर्धा ग्रॅम, त्याहून जास्त नको. त्यातला बराचसा नत्र युरियाचा असतो आणि निव्वळ गोळ्यांत तो मुळांना सावकाश लागू पडतो. म्हणून एक आड एक वेळेला कॅल्शियम नायट्रेट द्यावं, पण दोन्ही एकाच पाण्यात कालवू नये, साका बसतो.

गोळ्या परवडत नसतील तर पक्क्या भाजलेल्या जुन्या कौलांचे सुपारीएवढे तुकडे चालतात. कच्ची वीट नको, सहा महिन्यांत तिचा चिखल होऊन भोकं बुजतात. डब्याखाली शोभेची दुसरी कुंडी ठेवायचा आग्रह बरेच जण धरतात. त्या कुंडीत उघडं पाणी साचतं आणि डेंग्यूचे डास तिथंच अंडी घालतात. गोळ्यांखाली झाकलेल्या पाण्यात ती पंचाईत नाही.

सीतेची वेणी या ऑर्किडसाठी डबा मागणाऱ्यांना आम्ही डबा विकत नाही. तिची जाड मुळं वाऱ्यावरच हवीत. लाकडाच्या ओंडक्याला काथ्यानं बांधा. तो ओंडका आमच्याकडे नाही, कुठल्याही वखारीत मिळेल.