यात गाणं कुठाय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. माझ्या गाडीत बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाने हे विचारलंय, घरच्यांनी तर वैतागून विचारलंय की अगं हे मघापासून नुसतं वाजतंय, गाणं कधी सुरू होणार? आणि तोवर ते संपलेलं असतं, कारण 'सिसी स्ट्रट' ही नुसती वाजवलेली, शब्द नसलेली धून आहेच जेमतेम ३ मिनिटांची.

अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरातल्या द मीटर्स या बँडची ही, १९६९ सालची. चौघं जण. आर्ट नेव्हिल ऑर्गनवर, लिओ नोसेन्टेली गिटारवर, जॉर्ज पोर्टर ज्युनियर बेसवर आणि ड्रम्सवर झिगाबू मॉडेलिस्ट. त्याचं खरं नाव जोसेफ, पण झिगाबू म्हणायची सोय असताना जोसेफ कोण म्हणेल! फंक म्हटलं, म्हणजे ठेक्यावर चालणारं, पाय हलवायला लावणारं संगीत, की लोक जेम्स ब्राऊनपाशी थांबतात, थांबावंच, पण तिथे घाम आहे, किंकाळ्या आहेत, ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं आहेत, सगळा मामला कसा दणक्यात. यांच्याकडे त्यातलं काही नाही. सुरुवातीला एक 'आऽऽ' अशी लांबलचक आरोळी येते तेवढीच, पुढे सगळ्यांची तोंडं बंद.

गायक का नाही याचं कारण अगदीच साधं आहे. आधी हीच मंडळी नेव्हिल साउंड्स नावाने वाजवायची आणि आर्टचे धाकटे भाऊ एरन आणि सिरिल गायचे (एरन म्हणजे तोच, पुढे ज्याचा मऊ थरथरता आवाज जगभर ऐकला गेला). मग फ्रेंच क्वार्टरमधल्या एका क्लबात काम मिळालं, पण तिथे चौघांचीच सोय, त्यामुळे वाजवणारे चौघं आत आणि गाणारे भाऊ बाहेर. त्या रात्री घरी काय बोलणी झाली असतील देव जाणे. आता गायक नाही म्हटल्यावर ती जागा भरायला कोणीही जास्तच वाजवेल ना, लांब लांब सोलो घेईल, हात दाखवेल. यांनी उलट अजून कमी वाजवलं, आणि माझ्या मते सगळी गंमत तिथेच आहे.

म्हणजे बघा, गिटार आणि बेस मिळून एक छोटी ओळ घेतात, ती वर चढते, खाली येते आणि थांबते. ऑर्गन मागे नुसता धरून ठेवलेला. ओळ थांबली की जी रिकामी जागा राहते तिथे झिगाबू काय करतो ते ऐका. एरवी ड्रमर एका हाताने हाय-हॅटवर (म्हणजे जोडझांजांवर) सरळ टिकटिक चालू ठेवतो आणि दुसऱ्या हाताने स्नेअरवर (कडक आवाजाच्या छोट्या ड्रमवर) ठरलेला ठोका देतो. हा दोन्ही हात दोन्हीकडे फिरवतो, त्यामुळे ठोका तुम्ही वाट बघता तिथे येतच नाही, जरा आधी येतो नाहीतर जरा नंतर, आणि तरी तुमचा पाय हलायचा थांबत नाही. हे त्याने क्लासला जाऊन शिकलेलं नाही, ते तिथल्या रस्त्यावरचं आहे. न्यू ऑर्लिन्समध्ये ब्रास बँडची मिरवणूक निघते, अंत्ययात्रेलासुद्धा निघते, आणि बँडच्या मागून छत्र्या-रुमाल उडवत नाचत जे लोक चालतात त्यांना सेकंड लाइन म्हणतात. त्या बँडमध्ये मोठा ड्रम एकाच्या गळ्यात असतो आणि स्नेअर दुसऱ्याच्या. दोघांचं काम झिगाबू एकटा बसून करतो, पण ठेका राहतो चालणाऱ्या माणसाचाच.

हिट म्हणाल तर सिसी स्ट्रट आर अँड बी (ऱ्हिदम अँड ब्लूज) चार्टवर ४ नंबरपर्यंत गेलं आणि खरं सांगायचं तर तेवढंच, नंतर फार काही नाही. पण प्रोड्युसर ॲलन टूसाँने यांना बाकीच्या लोकांच्या रेकॉर्डवरही वाजवायला बसवलं, डॉक्टर जॉनची १९७३ ची 'इन द राइट प्लेस' ऐका, मागे हेच आहेत. १९७५ मध्ये पॉल मॅकार्टनीने क्वीन मेरी जहाजावर पार्टी दिली तिथे हे वाजवायला, तिथे मिक जॅगरने ऐकलं आणि मग रोलिंग स्टोन्सच्या टूरवर आधी यांचा सेट. एवढं होऊनही १९७७ मध्ये बँड फुटला. पुढे हिपहॉपवाल्यांनी झिगाबूचे ब्रेक्स, म्हणजे नुसत्या ड्रम्सचे तुकडे, इतके उचलले की तुमच्या पोरांनी ते नक्की ऐकलेत, फक्त नाव माहीत नाही. २०१८ मध्ये ग्रॅमीवाल्यांनी लाइफटाइम अचीव्हमेंट दिलं, बरं केलं, कारण पुढच्याच वर्षी आर्ट गेला.

आणि ते बाहेर राहिलेले भाऊ? सिरिल १९७५ पर्यंत मीटर्समध्ये आलाच. १९७६ मध्ये त्यांच्या मामाने, म्हणजे मार्डी ग्रास या तिथल्या कार्निव्हलला पिसांचे भरगच्च पोशाख घालून निघणाऱ्या एका टोळीच्या बिग चीफने, 'द वाइल्ड चॉपिटूलस' नावाची रेकॉर्ड केली, त्यात चारही नेव्हिल भाऊ एकत्र आले आणि मागे मीटर्स. मीटर्सनंतर या चौघांचा नेव्हिल ब्रदर्स झाला.

तर शब्दच हवे असतील तर १९७४ चं 'रिज्युव्हनेशन' ही त्यांची रेकॉर्ड लावा, त्यात हे लोक गातातही, 'हे पॉकी अवे' पहिल्यांदा लावा. फक्त मोबाइलच्या स्पीकरवर ऐकून मला परत प्रश्न विचारू नका, त्यावर जॉर्ज पोर्टर ऐकूच येत नाही.