अपडेटनंतर पीसी क्रॅश होतोय? फॉरमॅट मारायच्या आधी हे बघा

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला, म्हणून दिवाळीत घरी गेले तेव्हा बाबांच्या डेस्कटॉपवर 11 टाकून दिलं आणि दुसऱ्या दिवसापासून पीसी दर अर्ध्या तासाने आपोआप रिस्टार्ट व्हायला लागला. बाबा सोसायटीचा सगळा हिशोब त्याच्यावर ठेवतात, मेंटेनन्सच्या पावत्या, थकबाकी, सगळं एक्सेलमध्ये, आणि बॅकअप मार्चमधला. दुकानवाले म्हणाले, "आणून द्या, फॉरमॅट मारून देतो." माझ्या पोटात गोळाच आला.

आधी बॅकअप! शिफ्ट दाबून ठेवून रिस्टार्ट केलं, ट्रबलशूटमधून स्टार्टअप सेटिंग्ज, तिथून सेफ मोड, आणि तिथे पीसी तासभर टिकला, सगळ्या फाइल्स पेन ड्राइव्हवर आल्या. सेफ मोडमध्ये टिकला ही मोठी खूण आहे बरं का, तिथे बाहेरचे ड्रायव्हर, म्हणजे एखादं उपकरण विंडोजशी जोडून देणारी छोटी सॉफ्टवेअर, बहुतेक लोडच होत नाहीत, म्हणजे संशय रॅमपेक्षा ड्रायव्हरवर जास्त.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, कर्नल पॉवर 41 ही नोंद दिसली की लोक घाबरून एसएमपीएस, म्हणजे पीसीचा वीजपुरवठ्याचा डबा, बदलायला निघतात. त्या 41 चा अर्थ एवढाच की पीसी नीट शटडाउन न होता बंद पडला, का पडला ते त्यात नसतं. त्यापेक्षा स्टार्टमध्ये रिलायबिलिटी टाइप करा, दिवसवार चार्ट येतो, लाल फुल्या दिसतात. आमच्याकडे एका दिवसात सात.

मग मी मोबाइलचा कॅमेरा चालू करून स्क्रीनसमोर बसूनच राहिले, कारण ती क्रॅशची स्क्रीन वाचेपर्यंत निघून जाते. तिसऱ्यांदा फोटो मिळाला. खाली बारीक अक्षरात एका फाइलचं नाव, शेवटी डॉट सिस. शोधलं तर ती वायफायच्या यूएसबी काडीची निघाली! काडी बाबांच्या आधीच्या पीसीची, सीडीवरून टाकलेला ड्रायव्हर, डिव्हाइस मॅनेजरमध्ये तारीख 2013, आणि अपग्रेडमध्ये तो जसाच्या तसा पुढे आलेला. असा ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या अगदी गाभ्यात चालतो, तिथे त्याने नको त्या मेमरीला हात लावला की डेटा खराब होऊ नये म्हणून विंडोज सगळंच थांबवतं. 19 जुलै 2024 ला जगभर 85 लाखांच्या आसपास पीसी असेच पडले आणि आपल्याकडे विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहिले, तेव्हाही विंडोजचं अपडेट कारण नव्हतं, एका सिक्युरिटी सॉफ्टवेअरची फाइल होती.

काडी काढून ठेवली, फोनच्या यूएसबी टेदरिंगवर नेट चालवलं, दोन दिवस एकही क्रॅश नाही. मग ड्रायव्हर अनइन्स्टॉल केला. तेव्हा ड्रायव्हरही काढून टाकायच्या चौकटीत टिक करायला विसरू नका, नाहीतर तोच परत येऊन बसतो. काडी पुन्हा लावल्यावर विंडोजने स्वतःकडचा ड्रायव्हर घेतला.

हे करूनही क्रॅश थांबले नाहीत तर रिकव्हरीमधून शेवटचं अपडेट काढता येतं, आणि अख्खं व्हर्जन बदललं असेल तर मागे जायला साधारण 10 दिवस मिळतात, ते मोजत राहा.

बाबांनी काल नोव्हेंबरच्या पावत्या काढल्या, सगळ्या एका बैठकीत.