अधांतरी पाय

हाड मोडलं की आमच्या सोलापुरात घरच्यांचा पहिला हुकूम सुटतो, "अजिबात हलायचं नाही." पूर्व भागातले एक यंत्रमाग कामगार काका सध्या माझ्याकडं फिजिओथेरपीला येतात. नडगीत रॉड आहे, सर्जननी पायावर वजन टाकायला सांगितलंय, पण काका वॉकर धरून एकाच पायावर उभे. "रॉड वाकंल की ओ मॅडम!" दुखऱ्या पायाखाली मी साधा वजनकाटा ठेवते. काटा पाच किलोपर्यंत थरथरत जातो, की पाय लगेच वर.

मग मी त्यांना अंतराळातच नेलं.

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक साधारण 400 किलोमीटर उंचीवर असतं. तिथं गुरुत्वाकर्षण नसतं असं नाही, जमिनीवरच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास असतंच. पण स्थानक आणि आतली माणसं सोबतच पडत राहतात, त्यामुळं पायावर भार येत नाही. पुरेसा व्यायाम केला नाही तर खुब्या-मांडीच्या हाडातलं खनिज महिन्याला एक ते दीड टक्का घटतं. म्हणून ते लोक रोज दोनेक तास व्यायाम करतात.

अस्थिमज्जेतल्या काही मूळपेशी हाडाच्याही होऊ शकतात, चरबीच्याही. कोणीकडं वळायचं हे बऱ्याच अंशी त्यांच्यावर येणाऱ्या भाराच्या ताणावर ठरतं. पेशीच्या आत बारीक धाग्यांचा सांगाडा असतो. मागावर ताणा ढिला पडला की कापड बिघडतं, हे काकांना मी काय सांगणार! वजनरहित अवस्थेत हे धागे सैल पडतात, हाड घडवणारी जनुकं मंदावतात, पेशी चरबीकडं झुकतात. उंदरांचे मागचे पाय अधांतरी ठेवून केलेल्या प्रयोगांतही मोडलेलं हाड नीट भरून आलं नाही.

स्नायूंचंही तसंच. 2025 मध्ये शुभांशु शुक्ला स्थानकावर गेले, तेव्हा स्नायू पुन्हा कसे घडतात यावरचा बंगळुरूच्या इनस्टेम संस्थेचा प्रयोग सोबत होता. बातम्यांत मात्र झेंडा आणि गाजराचा हलवाच जास्त दिसला.

आता हे वाचून कुणी आपल्या मनानं पाय टेकवू नका. सांध्यातलं फ्रॅक्चर असेल, प्लेट असेल, तर हिशेब वेगळा. किती वजन, कधी, हे सर्जनच ठरवणार. काका दहा किलोपर्यंत आलेत. तंबाखूनंही हाड जुळायला उशीर होतो म्हटलं, तर म्हणाले, "ते अंतराळाचंच सांगा की ओ."