मुंबई ते कोल्हापूर विमानाने, खरा वेळ किती लागतो?

सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून महालक्ष्मीची रात्रभराची गाडी त्यांना झेपत नाही, आणि रस्त्याने जायचं तर आठ-नऊ तास पाय दुमडून बसायचं, त्यामुळे कोल्हापूरला नणंदेकडे जायचं ठरलं तेव्हा म्हटलं यावेळी विमानच बघू. नवरा म्हणाला, अगं कोल्हापूरला कोण विमानाने जातं? म्हटलं, तुझी आई.

आता अंतराचं बघा. रस्त्याने पावणेचारशे किमीच्या आसपास, पण विमानतळ ते विमानतळ सरळ रेघ मारली तर साधारण 308 (नेटवर 166 दिसलं तर दचकू नका, ते नॉटिकल मैल असतात, एक म्हणजे 1.852 किमी). एटीआरसारखं पंख्याचं विमान ताशी 500 च्या आसपास जातं, म्हणजे चाळीस मिनिटं पण लागायला नकोत. मग तिकिटावर तासाच्या वर का? तर तो वेळ नुसता हवेतला नसतो, विमान जागेवरून हललं तिथपासून पलीकडे जाऊन उभं राहिलं तिथपर्यंतचा असतो. मुंबईत त्यात काय काय बसतं ते खिडकीतून बघितलं. रनवे दोन आहेत पण एकमेकांना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालतो आणि पुढे विमानांची ही रांग. आई म्हणाल्या, सायनला अडकलो काय गं? बरं उडालो ते पण जुहूच्या समुद्रावर, म्हणजे पश्चिमेला, आणि मग डावीकडे वळून कोल्हापूरची वाट. त्यामुळे ताशी 800 वालं जेट मिळालं तरी एवढ्याशा अंतरात फार काही वाचत नाही, वर चढतंय तोवर उतरायची तयारी.

वेळ खातं ते जमिनीवरचं. आई होत्या म्हणून डोंबिवलीहून कॅब केली, एकटी असते तर लोकलने घाटकोपर, मेट्रोने मरोळ नाका आणि तिथून लाईन तीनचं पुढचंच स्टेशन टी-टू. (टर्मिनल एक की दोन ते तिकिटावर बघा, लाईन तीनवर दोन्ही आहेत.) चेक-इन काउंटर तासभर आधी बंद होतो म्हणून दोन तास आधी पोचलो. व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवली होती, त्याचा फायदा झाला. सिक्युरिटीला गुडघ्यातल्या धातूमुळे मशीन वाजलं, सीआयएसएफच्या बाईंनी पडद्याआड नेऊन तपासलं, ऑपरेशनचा कागद पण बघितला. आईंना उलट कौतुक, सगळ्यांना सांगत होत्या माझा गुडघा वाजला म्हणून.

उजळाईवाडीला उतरल्यावर काहीच वेळ नाही लागला, छोटा विमानतळ, बॅग आली की बाहेर, आणि शहर आठ-नऊ किमी. डोंबिवलीतलं घर ते राजारामपुरी मिळून जवळपास सहा तास झाले, महालक्ष्मी एक्सप्रेसने अकरा जातात. यातले पाच वाचले ते आईंच्या पायासाठी वाचले असं धरा, तरुण माणसाने स्लीपरने झोपून जावं, पैसे पण वाचतात.

परतीला मुंबईवर येऊन उतरायला जागा मिळेना म्हणून हवेतच घिरट्या. आईंची फिजिओथेरपी दुसऱ्या दिवशीवर ढकलली होती ते बरं, त्यामुळे उतरल्यावर लगेचची कुठली वेळ घेऊ नका. आणि हो, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटी विमानांचं वेळापत्रक बदलतं, तेव्हा पुढच्या महिन्यातलं बुक करताना वार आणि वेळ पुन्हा बघून घ्या.