तुम्ही विचारलंत म्हणून: ‘मग यंदा कोण निवडून येणार?’

लग्नात, मुंजीत, एकदा तर दाताच्या दवाखान्यातल्या बाकावर मला हा प्रश्न विचारला गेलाय. ‘फेसबुक-ट्विटरवर लोक काय बोलतात त्याचा हिशोब मांडतेस ना तू? मग सांग की, यंदा कोण येणार?’

विचारलंत म्हणून सांगते: मला माहीत नाही. आणि नुसत्या पोस्टी मोजून ते कळतं असं जो म्हणेल, त्याच्याशी मी मिसळपावाची पैज लावायला तयार आहे.

माझं काम तसं कारकुनी. सगळ्यांना दिसेल असं लोकांनी जे लिहिलंय ते गोळा करायचं, निवडायचं, मोजायचं. (व्हॉट्सॲपचे ग्रुप यात नाहीत. ते मला दिसत नाहीत, दिसूही नयेत. खऱ्या गप्पा तिथेच चालतात, हा भाग वेगळा.) मोजणं सोपं असतं. घोडं पेंड खातं ते मराठीपाशी.

सुरुवातीला मी रस्त्यांवरच्या तक्रारी शोधायला ‘खड्डा’ हा शब्द दिला, तर हाती फारसं काही लागेना. कारण संगणक दिलेला शब्द जसाच्या तसा शोधतो, आणि नुसतं ‘खड्डा’ असं कुणी म्हणतच नाही. माणसं खड्ड्यात पडतात, खड्ड्यांमुळे उशिरा पोचतात, खड्ड्यांवरून भांडतात. ‘दुसऱ्या’ची गंमत आणखी वेगळी. एखाद्याच्या कीबोर्डवरून त्यातला ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर म्हणून उमटतं, तर दुसऱ्याच्या कीबोर्डवरून साधा र, हलन्त आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. वाचणाऱ्याला शब्द एकच, संगणकाच्या लेखी दोन.

पण माझी खरी फजिती झाली ती पाण्याच्या तक्रारींत. ‘आहे’, ‘आणि’, ‘तर’ असले किरकोळ शब्द मोजण्याआधी गाळून टाकायची रीत आहे. त्यासाठी मी कुठून तरी एक तयार यादी उचलली. तिच्यात ‘नाही’ही होता, तो मी पाहिलाच नाही. ‘चार दिवस पाणी आलं नाही’ याचं झालं ‘चार दिवस पाणी आलं’. संतापलेलं अख्खं उपनगर माझ्या तक्त्यात तृप्त होऊन बसलं होतं.

बरं, शब्द शाबूत राहिले तरी सूर कसा ओळखायचा? ‘नाद खुळा’ ही शाबासकी आहे आणि ‘जाळ अन् धूर संगटच’ म्हणजे आग लागलेली नाही, हे मशीनला कुणी तरी शिकवावं लागतं. पुण्याच्या एलथ्रीक्यूब या गटाने २०२१ मध्ये सुमारे १६,००० मराठी ट्वीट एकेक करून सकारात्मक, नकारात्मक, तटस्थ अशा खुणा लावून खुली करून दिली. आमच्यासारख्यांना त्याचा मोठा आधार झाला. तरीही हरलेल्या संघाच्या फोटोखाली कुणी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिलं, की मला स्वतःलाच उघडून बघावं लागतं.

आता तुमच्या निवडणुकीकडे येते. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेने २०१९ मध्ये तिथल्या प्रौढ ट्विटरकरांबद्दल सांगितलं होतं, की ८० टक्के ट्वीट सर्वांत जास्त लिहिणाऱ्या १० टक्के लोकांची असतात. आपल्याकडचे आकडे वेगळे असतील, पण तेच ते दहा-बारा आवाज मलाही पाठ झालेत. त्यात भाड्याचे वेगळेच. एका नेत्याच्या कौतुकाचं एकच वाक्य मला अर्ध्या तासात कितीतरी खात्यांवर सापडलं होतं, आणि प्रत्येक ठिकाणी ‘आशीर्वाद’चं ‘आर्शिवाद’ झालेलं. रफार चुकीच्या जागी देणारे पुष्कळ असतात, पण इतक्या जणांचा तो एकाच वाक्यात, एकाच वेळी चुकत नाही.

कुठल्या भागात किती वाजता वीज गेली, कोणत्या घोषणेवर लोक उसळले, अफवा आधी कुठून निघाली, हे मी बऱ्यापैकी सांगू शकते. मत कुणाला देणार हे मात्र तिथे न बोलणाऱ्यांच्याच हातात असतं.

माझी आत्याच घ्या. ती जन्मात कुणाशी वाद घालत नाही. वाढदिवस असो, कुणी गेलेलं असो, गणपतीची आरती असो, खाली हात जोडलेला इमोजी टाकते. माझं मशीन त्याला ‘सकारात्मक’ म्हणतं. परवा तिने तोच इमोजी आमच्या नगरसेवकाच्या ‘विकासकामां’च्या पोस्टखाली टाकला. मी विचारलं, ‘आत्या, हे आवडलं म्हणून टाकलंस की कसं?’

‘कोपरापासून आहे तो,’ ती म्हणाली.