बोर्ड कोणाचा? फोंड्यातल्या एका छोट्या इलेक्ट्रिकल फर्मची वाटचाल

आमची फर्म फोंड्याची. नव्वदच्या दशकात मी आणि माझ्या मावसभावाने ती सुरू केली, तेव्हा आमच्याकडे ठेकेदारीचा परवाना, एक स्कूटर आणि हाताने फिरवायचा मेगर (वायरचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र) एवढंच भांडवल होतं. कामं घरांची असत. लाकडी पट्टीवरचं जुनं वायरिंग काढून पाइपात घालायचं, किटकॅट फ्यूजच्या जागी एमसीबी (जादा करंट गेला की आपोआप पडणारे स्विच) बसवायचे. बांदोडा, म्हार्दोळ, शिरोडा या पट्ट्यात फिरायचो. चवथीच्या आधी तर जेवायला सवड नसे, कारण गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायच्या आत घरातला दिवा न् दिवा लागायला हवा हा प्रत्येकाचा हट्ट. पोट भरत होतं. त्या वर्षांबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

पुढे पर्यटन वाढलं आणि काम बार्देशात सरकलं. आसगाव, शिवोली, हणजूण भागातली पोर्तुगीजकालीन घरं भाड्याने जाऊ लागली. कुठे रेस्टॉरंट, कुठे बुटीक, कुठे कॅफे. मालक लिस्बनला किंवा मुंबईत, भाडेकरू दिल्लीचा किंवा बंगळूरचा, आणि मधे आम्ही. अशाच एका रेस्टॉरंटचा बोर्ड ऐन सीझनमध्ये जळला. न्यूट्रलची पट्टी वितळून खाली ओघळली होती. भाडेकरूने पिझ्झाचा ओव्हन, डीप फ्रीझर आणि एसी एकाच जुन्या मेनवर चढवले होते. मालकाला फोन लावला तर उत्तर आलं, "तें म्हजें न्हय." भाडेकरू म्हणाला, बोर्ड तर घराबरोबर आलेला, तो माझा कसा? दोघांनीही आम्हाला वेगवेगळं गाठून सांगितलं, रिपोर्टात चूक समोरच्याची आहे असं लिहा. आम्ही फक्त रीडिंगं लिहिली. मग आमचं बिल कोणी द्यायचं यावर नवा वाद सुरू झाला, आणि तो बोर्डाच्या वादापेक्षा जास्त टिकला.

त्या प्रकरणानंतर मी नियम स्वतः वाचायला बसलो. आमच्या धंद्यात नियम बहुतेक ऐकीव असतात. 1956 च्या भारतीय वीज नियमांपासून एक गोष्ट चालत आली आहे आणि केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या 2010 च्या सुरक्षा नियमांतही ती होती: ग्राहकाच्या जागेतली जी लाइन आणि साधनं वीज पुरवणाऱ्याच्या ताब्यात, ती सुरक्षित ठेवणं त्याचं काम, जे ग्राहकाच्या ताब्यात, ते ग्राहकाचं. म्हणजे मीटर आणि कटआउटपर्यंत (खात्याच्या फ्यूजपर्यंत) वीज खातं, पुढे ग्राहक. वेळोवेळच्या तपासणीत पाच वर्षांहून जास्त अंतर पडू नये, हेही तिथेच होतं. 2023 मध्ये त्या नियमांच्या जागी नवे आले.

अडचण 'ग्राहक' म्हणजे कोण इथे येते. मीटर बहुतेक ठिकाणी मालकाच्या नावावर. भाडेकरू बदलत राहतात, मीटर तोच. खात्याची नोटीस आली की मालकाच्या नावाने येते, आणि मंजूर भार वाढवायचा तर अर्जावर सहीही त्याचीच लागते. म्हणून भाडेकरू अर्जाच्या भानगडीत पडत नाही, गुपचूप आणखी एक एसी लावतो. मला विचाराल तर इथल्या निम्म्या भांडणांचं मूळ या एका सहीत आहे.

मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं 108 वं कलम थोडी वाट दाखवतं. वेगळा करार नसेल तर मालकाने आपल्याला ठाऊक असलेला, पण भाडेकरूला सहज न दिसणारा मोठा दोष सांगायला हवा. भाडेकरूने वापराची वाजवी झीज सोडून जागा होती तशी ठेवायला हवी, आणि त्याच्यामुळे दोष आला असेल तर मालकाची नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत दुरुस्त करून द्यायला हवा. पण हे भाडेपट्ट्याबद्दल झालं. आपल्याकडचे बहुतेक गाळे अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे नुसत्या वापराच्या परवानगीवर, जातात. तिथे सगळी मदार कागदावर, आणि कागदात विजेबद्दल एकच ओळ: बिल भाडेकरू भरेल.

तेव्हापासून आम्ही चावी देण्याच्या दिवशी नोंद करायला लागलो. डीबी, म्हणजे सर्किटं वाटून देणारा बोर्ड, उघडून फोटो काढायचे. सर्किटांची यादी, कुठल्या वायरवर किती अँपिअरचा एमसीबी, प्रत्येक सर्किटचं इन्सुलेशन, अर्थिंगचं रीडिंग, गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी किती मिलिसेकंदांत सुटतो, हे सगळं लिहून खाली मालक, भाडेकरू आणि आमची सही. कागद कराराला जोडायचा आणि जागा सोडताना हीच मोजमापं पुन्हा घ्यायची. मेन स्विच, मेन केबल, अर्थिंगचे खड्डे, जिन्यातलं वायरिंग मालकाकडे. डीबीच्या पुढे भाडेकरूने जे वाढवलं ते त्याच्याकडे. म्हापशातल्या एका वकिलाने पहिल्यांदा हा कागद पाहून विचारलं, "हे लग्न लावताय की वायरिंग?" आता तेच अशिलांना आमच्याकडे पाठवतात.

तपासणी म्हणजे आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबणं, असं अनेकांना वाटतं. त्या बटणाने आतली यंत्रणा हलते एवढंच कळतं. अर्थिंग आहे की नाही, ते त्याला ठाऊक नसतं. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी तेवढ्या गळतीला 300 मिलिसेकंदांत सुटायला हवा, आणि ते यंत्र लावूनच कळतं. इन्सुलेशनला 500 व्होल्ट डीसी देऊन निदान एक मेगाओम यावा लागतो. त्याआधी संगणक, इन्व्हर्टर एसी, एलईडीचे ड्रायव्हर सोडवून ठेवावे लागतात, नाहीतर दिवे तपासायला गेलो आणि दिवे लावून आलो असं व्हायचं. यासाठी दुकान बंद हवं. बंद दुकानाचं नुकसान कोणाचं, हा आणखी एक वाद! त्यावर आमच्या गोव्यानेच तोड दिली. दुपारी एक ते चार बाजार झोपतो, तेव्हा आम्ही शिडी लावतो.

ऋतूचंही भान ठेवावं लागतं. आपली जांभ्याची जमीन उन्हाळ्यात वाळली की अर्थिंगचा रोध चढतो, पावसात उतरतो. इन्सुलेशनचं उलट: जुलैत भिंती ओल धरतात तेव्हा ते ढासळतं. म्हणून अर्थिंग मे महिन्यात आणि इन्सुलेशन पावसात मोजावं, असा आमचा आग्रह. मालकांना नेमकी जुलैतली अर्थिंगची रीडिंगं आवडतात. किनाऱ्यावर खाऱ्या हवेने अर्थिंगच्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पट्टीचे जोड आतून गंजलेले असतात, वरून रंग मारलेला. तिथे जोड उघडल्याशिवाय आम्ही सही करत नाही.

मडगावात गाळा असलेले एक मालक इंग्लंडमध्ये स्विंडनला राहतात. तिथल्या घरमालकांना दर पाच वर्षांनी वायरिंग तपासून घ्यावं लागतं हे त्यांना माहीत होतं, म्हणून त्यांनी आपणहून फोन केला. गंमत अशी की 2020 चा तो नियम तिथे राहत्या घरांपुरता आहे. दुकानं आणि ऑफिसांना 1989 चे कामाच्या जागेचे वीज नियम लागू होतात, त्यांत वर्षांचा आकडाच नाही. मी हे त्यांना सांगितलं, तरी त्यांनी काम दिलं.

आज नव्या वायरिंगपेक्षा तपासणीचं काम जास्त आहे. मावसभावाचा मुलगा डिप्लोमा करून आला, रिपोर्ट तोच बनवतो आणि माझं अक्षर फाइलीत येऊ देत नाही. जिथे आम्ही तपासतो, तिथल्या दुरुस्तीचं कोटेशन आम्ही देत नाही. यात हातचा पैसा जातो आणि मावसभाऊ अधूनमधून ऐकवतोही. पण दोष आम्हीच दाखवायचा आणि आम्हीच विकायचा, मग रिपोर्टावर विश्वास कोण ठेवणार?

सध्या फोंड्यातल्याच एका जुन्या व्यापारी इमारतीचं काम हातात आहे. सामाईक मेन, गाळ्यांचे मालक वेगळे, भाडेकरू वेगळे. मसुदा सगळ्यांकडे पोचला आहे. खालच्या मजल्याने सह्या केल्या, वरचा मजला अजून जिन्यातल्या दिव्यांवर अडलाय. मे सरायच्या आत सुटलं, तर अर्थिंग याच उन्हाळ्यात मोजून होईल.